शाल-श्रीफळ नको, तपासनीस द्या

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात २४ वर्षांचा एक वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. शाळा आठवीत सुटलेली. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून शिकलेला. सांगाडा स्वतः वेल्डिंग केलेला, इंजिन मारुती ८०० चं. रात्री जमिनीवरच यंत्र चालू केलं, वेग वाढवला, शेपटीकडचा छोटा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठ्या पंख्याचं पातं त्याच्या डोक्याला लागलं.

तो व्हिडिओ मला पुष्कळ जणांनी पाठवला. खाली लिहिलेलं असायचं, केवढी बुद्धी आणि केवढं दुर्दैव. बुद्धीबद्दल दुमत नाही. दुर्दैव हा शब्द मात्र मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. शेपटीचा पंखा का तुटतो, पहिल्यांदा इंजिन फिरवताना माणसाने कुठे उभं राहायचं, वाळूची पोती कुठे रचायची, पात्यांचा तोल कसा तपासायचा, या गोष्टी जगात माहीत असलेल्या आहेत. ज्यांना त्या माहीत आहेत अशी माणसं महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. त्या मुलाच्या शेडमध्ये त्यांतला एकही पोचला नाही, कारण पोचण्याची वाटच आपण तयार केलेली नाही. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

मी पॉलिटेक्निकमध्ये २९ वर्षं वर्कशॉप शिकवलं. लेथ, वेल्डिंग, फिटिंग. दर दोन-तीन वर्षांनी एखादा मुलगा येऊन हळूच विचारायचा, "सर, विमान करता येईल का हो?" एकदा एक मुलगा बुलेटचं जुनं इंजिन आणि सागवानी फळीतून कोरलेला साडेचार फुटी प्रोपेलर घेऊन आला होता. प्रोपेलर सुंदर होता. पात्याचा पीळ मुळापासून टोकापर्यंत हळूहळू कमी होत गेलेला, हाताने घासून आणलेला. मी त्याला म्हटलं, हे इंजिनला लावायचं नाही. तो म्हणाला, मग कुणाला दाखवू? मला उत्तर देता आलं नाही. प्रोपेलर माझ्याकडे ठेवून तो गेला.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात त्या प्रश्नाला उत्तर आहे. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीजवळ एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली. आज दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी तिचा मेळा भरतो आणि हजारो विमानं स्वतः उडत तिथे येतात. त्यांतली बरीचशी कुणी ना कुणी आपल्या गॅरेजमध्ये, गोठ्यात, शेतावरच्या शेडमध्ये रिव्हेट ठोकून बनवलेली असतात. तिथला नियम साधा आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बनवलेला असला पाहिजे. मग त्याला 'एक्सपेरिमेंटल' म्हणून परवाना मिळतो, तो शब्द विमानावर मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो आणि भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. सुरुवातीचे २५ किंवा ४० तास वस्तीपासून दूर ठरवून दिलेल्या भागातच उडायचं. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५, नसेल तर ४०.

नियमापेक्षा मला त्यामागची माणसं जास्त मोलाची वाटतात. असोसिएशनचे टेक्निकल काउन्सेलर असतात. पैसे न घेता ते तुमच्या शेडमध्ये येतात, स्पारवरून, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईवरून, बोट फिरवतात, बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेली लॉकवायर उलट्या बाजूने पिळली असेल तर सांगतात. इंग्लंडमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे तपासनीस आहेत. पंखावर शेवटचा पत्रा चढवण्याआधी त्यांना बोलवावं लागतं, कारण एकदा पत्रा चढला की आतला सांधा पुन्हा कुणाला दिसत नाही. उडण्याच्या परवान्याचं बरंचसं काम सरकारने या संस्थेकडेच सोपवलं आहे. सगळ्यांत जास्त कळकळ ज्यांना आहे आणि सगळ्यांत जास्त अनुभवही ज्यांना आहे, त्यांच्याच हातात तपासणी दिली.

ही व्यवस्था सहज आलेली नाही. तिच्यामागे एक मोठा अपघाताचा काळ आहे आणि तो आपण समजून घ्यायला हवा, कारण आज आपण जवळपास तिथेच उभे आहोत.

१९३३ मध्ये आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाने एक चिमुकलं विमान उडवलं. नाव 'पू दु सिएल', म्हणजे आकाशातली ऊ. इंग्लंडमध्ये ते 'फ्लाइंग फ्ली' म्हणून गाजलं. पुढे एक पंख, जरा खाली आणि मागे दुसरा पंख, शेपटी जवळजवळ नाहीच. पायाने चालवायचं काही नाही, सगळं एका दांड्यावर. ज्याला खोकं ठोकता येतं त्याला हे विमान करता येईल, असा त्याचा भरवसा होता आणि त्याने पुस्तक लिहून सगळी मापं जगाला दिली. युरोपात शेकडो माणसांनी ते बनवायला घेतलं. १९३५ मध्ये मिन्ये स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून गेला आणि मग तर वेडच लागलं.

मग माणसं मरायला लागली. विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली घालून झेपावलं की वर येतच नव्हतं. वैमानिक दांडा ओढायचा, तो ओढला की पुढच्या पंखाचा कोन वाढायचा, पण दोन पंखांमधल्या फटीतून जाणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखाची उचलही वाढायची आणि विमान आणखी खाली जायचं. म्हणजे वाचण्यासाठी माणूस जे करत होता, त्यानेच तो मरत होता. हे एकट्या मिन्येला आपल्या अंगणात कधीच कळलं नसतं. ते कळलं फ्रान्समधल्या आणि इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यात, जिथे सरकारी संशोधकांनी खरं, पूर्ण आकाराचं विमान ठेवून हवा सोडली. विमानावर बंदी आली.

तिथेच गोष्ट संपू शकली असती. पण दोष नेमका कळल्यामुळे पंखांमधलं अंतर आणि मांडणी बदलता आली आणि त्याच घराण्याची दुरुस्त विमानं फ्रान्समध्ये पुढेही बनत राहिली. इंग्लंडमध्ये युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हौशी लोकांनी संघटना उभारली. आजची लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणजे तीच. मिन्येच्या वेडाने लोकांना हाताने विमान बनवायला शिकवलं, आणि त्यात गेलेल्या माणसांनी तपासणीची किंमत शिकवली. मला मिन्येबद्दल राग नाही. त्याचे नकाशे उघडे होते म्हणून त्याची चूक शोधता आली.

उघडे नकाशे ही गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते की तिथे जरा थांबतो. पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्राझीलच्या आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी बांबू आणि रेशमी कापड वापरून 'द्मॉझेल' नावाचं छोटं विमान केलं आणि त्यावर कुठलाही हक्क सांगितला नाही. १९१० मध्ये अमेरिकेतल्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकाने त्याची रेखाटनं छापली. कुणीही पाहावीत, कुणीही बनवावं. आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याचा दावा हमखास येतो. तळपद्यांच्या धडपडीबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या यंत्राचं असं एकही रेखाटन आपल्या हाती नाही की ज्यावरून एखादा सुतार उद्या कामाला लागेल. मापं नसतील तर अभिमान बाळगता येतो, पुढचं विमान बांधता येत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार नेहमी दिला जातो, त्यातली विमानं उडू शकत नाहीत असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच आकडेमोड करून दाखवलं आहे. शंभर वर्षांपूर्वी आपण उडलो होतो का, यावर जेवढी शाई आपण खर्च केली तेवढी आज उडू पाहणाऱ्या मुलावर केली असती तर बरं झालं असतं.

आता आजचं उदाहरण. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडलं गेलं आणि सगळ्या देशाने पाहिलं. नोंदणीसाठी त्यांचा अर्ज २०११ चा. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. उडायचा परवाना त्यानंतरही जवळपास दोन वर्षांनी, आणि चाचण्या झाल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, राज्य सरकारने त्यांच्याबरोबर पालघरमध्ये विमान कारखाना काढण्यासाठी ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार केला.

यादवांच्या चिकाटीपुढे मी हात जोडतो. पण आपण त्या माणसाशी कसे वागलो ते पाहा. आधी सहा वर्षं कागदांत, मग एकदम ३५ हजार कोटी. या दोन टोकांच्या मध्ये खरा रस्ता असतो. एकाचं विमान उडालं की त्याचे नकाशे घेऊन दुसरे दहा जण बनवतात, दहांच्या चुका एकत्र येतात, पंख बदलतो, चाकांचा पाया बदलतो, मग पन्नास जण बनवतात. जगातल्या छोट्या विमानांच्या कंपन्या अशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनी १९७३ मध्ये काढलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची ११ हजारांहून अधिक विमानं आज उडाली आहेत आणि त्यांतलं बहुतेक प्रत्येक कुणीतरी आपल्या घरी जोडलेलं आहे. सिरस कंपनी दोन भावांनी विस्कॉन्सिनमधल्या एका गोठ्यात, घरी जोडायच्या विमानापासून सुरू केली. पुढे त्यांच्याच विमानात अख्ख्या विमानाला खाली आणणारं पॅराशूट आलं.

सगळ्यांत जवळचं आणि आपल्याला लागणारं उदाहरण स्लोव्हेनियाचं आहे. जेमतेम २० लाख वस्तीचा देश. युगोस्लाव्हिया असताना इव्हो बोस्कारोल आणि त्यांचे सोबती तिथे इंजिन लावलेले हँगग्लायडर उडवायचे, बरेचदा संध्याकाळी अंधार पडता पडता. लोकांना वाटलं वटवाघळंच, म्हणून कंपनीला त्याच अर्थाचं नाव पडलं, पिपिस्ट्रेल. २०१५ मध्ये भारताच्या संरक्षण मंत्रालयाने याच पिपिस्ट्रेलकडून हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी १९४ छोटी विमानं मागवली. आपल्या एनसीसीच्या मुलांना ज्यात पहिल्यांदा आकाश दाखवायचं ते विमान, अंधारात चोरून उडणाऱ्या हौशी माणसांच्या कंपनीचं. स्लोव्हेनियात शेड होती तशी शेड आपल्याकडेही होती. बेंगळुरूच्या राजहंस कंपनीची एक्स-एअर विमानं सुट्या भागांच्या पेटीतून इंग्लंडला गेली आणि तिथल्या लोकांनी ती आपल्या गॅरेजमध्ये जोडली, तपासनिसाला दाखवली, उडवली. भारतात बनलेले भाग, जोडायचं स्वातंत्र्य मात्र ब्रिटनमध्ये.

'हे श्रीमंतांचे खेळ आहेत, आपल्याला काय करायचंय?' असं कुणी म्हणेल. पुस्तकी लोक तर नक्कीच म्हणतील. त्यांना बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजची गोष्ट सांगावी लागेल. १९८० च्या दशकात या सरकारी प्रयोगशाळेने संमिश्र साहित्याची विमानं शिकायची ठरवली तेव्हा बर्ट रुटान या अमेरिकन माणसाने घरी बनवणाऱ्यांसाठी काढलेल्या 'लाँग-ईझी'चा आधार घेऊन एक विमान बांधलं. रुटान यांची पद्धत अशी की फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचे आणि त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून चढवायचं. साचा नाही, महाग यंत्र नाही. त्या शिकण्यातून पुढे 'हंसा' हे छोटं विमान आलं, जे १९९३ मध्ये पहिल्यांदा उडालं. नवं 'हंसा-एनजी' सप्टेंबर २०२१ मध्ये उडालं. देशाच्या प्रयोगशाळेला गॅरेजवाल्यांच्या नकाशापासून शिकायला कमीपणा वाटला नाही. मग आपल्या आयटीआयच्या मुलाने तेच केलं तर ते पोरखेळ का ठरावं?

पुण्याच्या हडपसरला १९५० च्या दशकापासून ग्लायडिंग सेंटर आहे. त्या काळी नागरी विमान वाहतूक खात्याचं स्वतःचं तांत्रिक केंद्र होतं आणि त्याने रोहिणी हे लाकडी ग्लायडर आणि नंतर रेवती हे छोटं विमान केलं. आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने, १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक उडवलं. ९० अश्वशक्तीचं इंजिन, उंच पंख, कापडाने मढवलेलं साधंसुधं विमान. म्हणजे आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं नाही. ती परंपरा नवी माणसं न आल्यामुळे हळूहळू सुकली.

आता इंजिनाकडे येतो, कारण माझ्या मते खरं घोडं तिथे अडलं आहे. हंसाच्या पोटात ऑस्ट्रियाचं रोटॅक्स इंजिन आहे. आपलं सैन्य वापरतं त्या हेरॉन ड्रोनमध्येही रोटॅक्स. रोटॅक्सची जुनी टू-स्ट्रोक इंजिनं बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलच्या घराण्यातली, आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती उचलून आपल्या विमानांना लावली. १९८० च्या दशकाच्या शेवटी कंपनीने मुद्दाम विमानासाठी ९१२ नावाचं फोर-स्ट्रोक इंजिन आणलं. ८० अश्वशक्ती, सिलिंडर हवेने थंड आणि हेड पाण्याने, मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर फिरणारं आणि गिअरबॉक्स लावून प्रोपेलरचा वेग खाली आणणारं. हौशी विमानं आणि टेहळणी ड्रोन यांना एकाच आकाराचं इंजिन लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये कॉकेशसमधल्या आर्मेनिया-अझरबैजान युद्धात तुर्की ड्रोनमध्ये आपलं इंजिन दिसल्यावर रोटॅक्सच्या मालक कंपनीने 'वापर स्पष्ट नसलेल्या' देशांना विमान इंजिनं देणं थांबवलं. उद्या आपल्याबाबत कुणी असं ठरवलं तर? शंभर अश्वशक्तीच्या इंजिनासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं?

मुलं विचारतात, मारुतीचं किंवा बुलेटचं इंजिन का चालत नाही? चालतं, पण सोपं नाही, आणि का सोपं नाही हे त्यांना समजावून सांगणारं कुणी हवं. गाडी रस्त्यावर धावताना इंजिनाची थोडीशीच ताकद वापरते. विमानात तीन-चतुर्थांश ताकद तासन्‌तास, चढताना तर पूर्ण. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, प्रोपेलर ओढतो तो सरळ पुढे, ज्या दिशेच्या ताणाचा गाडीच्या बेअरिंगने कधी विचारच केलेला नसतो. प्रत्येक स्फोटाबरोबर शाफ्टला पीळ बसतो आणि प्रोपेलरच्या जडत्वाशी त्याचा ठेका जुळला की शाफ्ट तुटतो. एक प्लग गेला तर दुसरा हवा, एक प्रज्वलन बंद पडलं तर दुसरं हवं, म्हणून विमानाच्या इंजिनात सगळं दोन-दोन. हे सगळं सोडवून गाडीची इंजिनं उडाली आहेत. १९२९ मध्ये मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल यांनी फोर्डच्या मॉडेल-ए गाडीचं सुमारे ४० अश्वशक्तीचं इंजिन आपल्या विमानाला लावलं, आणि त्या विमानाच्या नकाशांवरून लोक आजही विमानं बांधतात. युरोपात फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर कितीतरी विमानं उडाली. जर्मनीत मर्सिडीजचं डिझेल इंजिन घेऊन थिलर्टने प्रमाणित विमान इंजिन केलं.

आपल्या हवेचे स्वतःचे प्रश्न आहेत आणि ते परदेशी पुस्तकात नीट सापडत नाहीत. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा आणि पेट्रोल जाताना तापमान २० अंशांनी किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतं. बाहेर २५ अंश असलं तरी हवा पावसाळी कोकणातली असेल तर त्या गळ्यात बर्फ साठतो आणि इंजिन गुदमरतं. आंबोली घाटात बर्फामुळे इंजिन बंद पडलं असं सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, पण ते होऊ शकतं. दुसरा प्रश्न नवा आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या खातं, उष्णतेत नळीतच वाफ धरतं. विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल इंडियन ऑइल २०२२ पासून देशात बनवतं ही चांगली गोष्ट आहे, पण ते प्रत्येक धावपट्टीवर पोचलेलं नाही. इथेनॉल पचवणारं छोटं विमान इंजिन कुणी करायचं असेल तर ते उसाच्या देशाने करावं. मला हे काम महाराष्ट्राचंच वाटतं.

ते करता येईल असं मी हवेत बोलत नाही. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने बेंगळुरूच्या प्रयोगशाळांबरोबर ५५ अश्वशक्तीचं फिरत्या पिस्टनचं वँकेल इंजिन बनवलं आणि २००९ मध्ये 'निशांत' ड्रोन त्यावर उडालं. पुण्यात एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था १९६६ पासून इंजिनांची परीक्षा घेते आहे. या शहरात आणि भोवतालच्या पट्ट्यात क्रँकशाफ्ट घडवणारे, पिस्टन ओतणारे, गिअर कापणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या जाबिरू कंपनीची कथा त्यांनी वाचावी. ही कंपनी छोटी विमानं बनवायची आणि इटलीचं इंजिन वापरायची. इटलीवाल्यांनी ते बनवणं बंद केलं, तेव्हा जाबिरूने ॲल्युमिनिअमच्या ठोकळ्यातून यंत्रावर कोरून स्वतःचं इंजिन उभं केलं. ते जगभर विकलं गेलं. पुढे बोल्ट तुटण्यासारखे दोष दिसले, २०१४ च्या शेवटी तिथल्या नियामकाने त्यावर बंधनं घातली, कंपनीने सुधारणा केल्या, बंधनं सैल झाली. इंजिन असंच मोठं होतं. हजारो तास हवेत राहून, दोष नोंदवून, दोष दुरुस्त करून. हे तास आणणार कोण? विमान कंपन्या आणत नाहीत. रविवारी सकाळी तासभर उडून येणारा हौशी माणूस आणतो.

धोका आहे का? आहे. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने २०१२ मध्ये मोठा अभ्यास केला. तिथल्या खासगी आणि छोट्या विमानांत घरी बनवलेली सुमारे १० टक्के होती, पण २०११ च्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. कारणं मुख्यतः दोन, इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं. इंधनाची यंत्रणा जमिनीवर नीट तपासली जावी आणि पहिली उड्डाणं शिस्तीने व्हावीत, असं मंडळाने सुचवलं. त्यांनी बंदी मागितली नाही. मला वाटतं आपल्याकडे नेमकी इथेच फसगत होते. आपण एक तर टाळ्या वाजवतो, नाही तर फाइल बंद करतो. बंदीने विमानं थांबत नाहीत, ती रात्री शेडमध्ये जातात. यवतमाळच्या मुलाची चाचणी रात्रीच होती.

दाट वस्तीचा देश आहे हे खरं. म्हणूनच ठरलेली जागा हवी. महाराष्ट्रात धुळे, यवतमाळ, लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती इथे धावपट्ट्या आहेत आणि त्यांतल्या काही वर्षाचा बराच काळ शांत पडून असतात. यादवांच्या विमानाची चाचणी धुळ्यात झालीच आहे, मग तीच धावपट्टी आणि तिच्याभोवतीचं ठरावीक आकाश हौशी विमानांच्या पहिल्या ४० तासांसाठी कायमचं ठेवायला काय हरकत आहे? शेजारी चार शेड, अग्निशामक गाडी, विम्याची अट आणि प्रत्येक दोष सगळ्यांना दिसेल अशी एक उघडी नोंदवही. २०२५ च्या सुरुवातीपासून १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखालचे नियम लिहिले जात असतानाच ही मागणी करायला हवी. नंतर केली तर पुन्हा दहा वर्षं जातील.

आणि तपासनीस? ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. मिग आणि सुखोई उघडून पुन्हा जोडलेली माणसं तिथून दरवर्षी निवृत्त होतात आणि नाशिकमध्ये नातवंडांना शाळेत सोडतात. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांची दुरुस्ती होते. मुंबईत विमान कंपन्यांचे इंजिनिअर आहेत. या लोकांची यादी करा, त्यांना प्रवासखर्च आणि कायदेशीर संरक्षण द्या, एक संघटना नोंदवा आणि इंग्लंडसारखी तिच्याकडे तपासणी सोपवा. मग एखाद्या खेड्यात कुणी विमान बनवतोय असं कळलं की आमदारांनी शाल-श्रीफळ घेऊन जायच्या आधी या यादीतला एक माणूस तिथे गेला पाहिजे. हे अवघड आहे असं मला खरंच वाटत नाही.

गेल्या दिवाळीत ओझरहून निवृत्त झालेले एक फिटर माझ्याकडे आले होते. कपाटावर ठेवलेला तो सागवानी प्रोपेलर त्यांनी खाली काढला. चष्मा कपाळावर सरकवून ते खिडकीशी गेले आणि पात्यावरून नख फिरवलं. "एका फळीत कोरलाय," ते म्हणाले. "इथे बघा, लाकडाची रेषा पात्याबाहेर पळतेय. थर चिकटवून करायला पाहिजे होता, म्हणजे एका थराची रेषा पळाली तरी दुसरा धरतो." मग मधल्या बोल्टच्या भोकांत करंगळी घालून पाहिली. भोकं सैल होती, कडा चुरल्या होत्या. "हात चांगलाय पोराचा. फिरवला असता तर मात्र पात्याने माणूस घेतला असता." त्यांना हे सगळं सांगायला दोन मिनिटं लागली. मग त्यांनी विचारलं, "मुलगा कुठे असतो आता? माझा नंबर द्या त्याला."

नंबर लिहून घेतला आहे. मुलाचा जुना फोन लागत नाही. त्याच्या बॅचच्या मुलांना विचारतो आहे.